जल्लादाच्या मुखवट्याआड कोण होते?

प्रश्न : नव्वदच्या दशकात आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रंप कार्डे खेळत मोठे झालो. परवा जुन्या कुस्त्या बघताना अंडरटेकर एका धिप्पाड, काळा मुखवटा घातलेल्या गड्याशी लढताना दिसला. नाव ‘एक्झिक्युशनर’. मुलगा म्हणतो, हा तर रेसलमेनियाच्या अगदी पहिल्या कुस्तीतला पैलवान. मेहुणे म्हणतात, मार खायला आणलेला कुणीतरी नवखा. दोन महिन्यांत तो गायबही झाला. हा नक्की होता कोण, आणि गेला कुठे?

उत्तर : तुमच्या मुलाचे निम्मे बरोबर आहे, मेहुण्यांचे साफ चूक आहे. मेहुण्यांना हे सांगायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

आधी नावाचा गुंता सोडवू. ‘एक्झिक्युशनर’, म्हणजे जल्लाद, हे कुणा एका पैलवानाचे नाव नव्हते. मुखवटा आणि नाव दोन्ही भूमिकेचे. गरज पडेल तेव्हा आत माणूस बदलायचा. १९७६ मध्ये याच कंपनीत, तेव्हा तिच्या नावात एक डब्ल्यू जास्त होता, ‘एक्झिक्युशनर्स’ नावाची मुखवटेधारी जोडी होती. आत होते किलर कोवाल्स्की आणि बिग जॉन स्टड. त्यांनी जोडीचे अजिंक्यपदही मिळवले. पुढे ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया झाला. त्यातली पहिली कुस्ती टिटो सांताना विरुद्ध एक्झिक्युशनर अशी होती, आणि त्या वेळी मुखवट्याआड बडी रोझ होता. म्हणजे नाव तुमच्या मुलाने बरोबर ओळखले, माणूस मात्र वेगळा.

तुम्ही पाहिलेला एक्झिक्युशनर १९९६ च्या शेवटच्या तीन महिन्यांतला. त्याचे खरे नाव टेरी गॉर्डी. आणि मेहुण्यांचा ‘नवखा’ तेव्हा किमान वीस वर्षे रिंगमध्ये काढून आला होता.

इथे तुम्ही म्हणाल, मग तो पन्नाशीचा असणार. तसेही नाही. गॉर्डीचा जन्म एप्रिल १९६१ चा, म्हणजे एक्झिक्युशनर झाला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. पण अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला हा पोरगा अंगापिंडाने असा काही वाढला, की तेराचौदाव्या वर्षीच त्याने पैसे घेऊन कुस्त्या खेळायला सुरुवात केली. ज्या वयात आपल्याकडे पोरे तालमीत माती उकरत असतात, त्या वयात हा मोठ्या बाप्यांना उचलून आपटत होता. तेव्हा अनुभव वयावरून मोजायला गेलात तर गॉर्डीच्या बाबतीत हमखास फसाल.

पुढचा प्रश्न साहजिक आहे. इतका अनुभवी होता, तर आपल्याला माहीत कसा नाही? याचे उत्तर गॉर्डीत कमी आणि आपल्या टीव्हीत जास्त आहे. आपल्याकडे केबलवर अमेरिकी कुस्ती आली ती मुख्यतः एकाच कंपनीची. त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजेच ती सगळी कुस्ती, असा आपला समज झाला. प्रत्यक्षात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत कुस्तीचे इलाखे होते. तमाशाच्या फडांसारखेच म्हणा ना. प्रत्येक फडाचा मुलूख ठरलेला, मालक वेगळा, प्रेक्षक बांधलेला, आणि एका फडातला नावाजलेला गडी हंगाम संपला की दुसऱ्या फडात जायचा. न्यूयॉर्कचा फड व्हिन्स मॅकमहनने १९८२ मध्ये वडिलांकडून विकत घेतला आणि दुसऱ्यांच्या मुलखात शिरायला सुरुवात केली. आपण ट्रंप कार्डे हातात घेतली तोवर बाकीचे बहुतेक फड उठले होते. गॉर्डीची उमेदीची वर्षे त्या उठलेल्या फडांत गेली.

त्यातली सर्वांत गाजलेली वर्षे टेक्सस राज्यातल्या डॅलसची. मायकेल हेस, बडी रॉबर्ट्‌स आणि टेरी गॉर्डी या तिघांच्या टोळीचे नाव होते ‘फॅब्युलस फ्रीबर्ड्‌स’. हेसने बोलायचे, रॉबर्ट्‌सने डाव करायचे आणि गॉर्डीने हाणायचे, अशी कामाची वाटणी. रॉक संगीताच्या तालावर रिंगकडे चालत येण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत हे तिघे अगदी आघाडीवर होते. आज गाण्याशिवाय एकही पैलवान पडद्यामागून बाहेर येत नाही. दोघांच्या अजिंक्यपदावर तिघांनी हक्क सांगायचा आणि ज्या दिवशी जे दोघे मोकळे असतील त्यांनी लढायचे, हा ‘फ्रीबर्ड नियम’ही त्यांचाच. पुढे कितीतरी वर्षांनी ‘न्यू डे’ या त्रिकुटाने तोच नियम वापरला. तुमच्या मुलाला विचारा, त्याला तो पाठ असेल.

२५ डिसेंबर १९८२. डॅलसच्या रीयुनियन अरीनात रिक फ्लेअर विरुद्ध केरी फॉन एरिक, जगज्जेतेपदाची लढत, रिंगभोवती लोखंडी पिंजरा. केरी हा स्थानिक लाडका, त्याच्या घराण्यावर अख्खे गाव जीव टाकणारे. हेस पाहुणा पंच होता आणि पिंजऱ्याचे दार सांभाळायला उभा होता टेरी गॉर्डी. तोवर फ्रीबर्ड्‌स आणि फॉन एरिक मंडळी एकमेकांची दोस्त समजली जात. ऐन मोक्याला पंच हेस आणि केरी यांच्यात बिनसले, आणि केरी दाराशी असताना गॉर्डीने ते लोखंडी दार त्याच्या डोक्यावर आपटले. त्या एका दारावर पुढे डॅलसचा धंदा काही वर्षे चालला. हा केरी तुमच्याही ओळखीचा आहे. १९९० मध्ये तो ‘टेक्सस टोर्नेडो’ या नावाने डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला होता.

मग या तिघांना न्यूयॉर्कचे बोलावणे आले नाही? आले की. १९८४ मध्ये फ्रीबर्ड्‌स काही आठवड्यांसाठी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेले. गायिका सिंडी लॉपर तेव्हा कुस्तीच्या कार्यक्रमांतून झळकत होती. तिचा व्यवस्थापक डेव्हिड वुल्फ याला त्यांचा मॅनेजर म्हणून दाखवले. जमले नाही, आणि तिघे चालते झाले. म्हणजे तुम्ही पाहिलेला मुक्काम गॉर्डीचा त्या कंपनीतला दुसरा. पहिला तर त्याहून विस्मरणात गेलेला.

गॉर्डीचे सर्वोत्तम काम मात्र डॅलसचेही नाही. ते जपानमधले आहे, आणि माझ्या मते त्याला ओळखायचे तर तिथूनच ओळखावे.

‘ऑल जपान’ या कंपनीत तो १९८३ मध्ये पोचला. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी तोक्योत टेरी फंक या पैलवानाचा निरोपाचा सामना होता. फंक पुढे इतक्यांदा परत आला की त्या निरोपाचे जपानी लोकांनाही हसू येते, पण तो वेगळा विषय. त्या सामन्यात फंक बंधूंसमोर स्टॅन हॅन्सन या दांडग्या गड्याच्या जोडीला उभा होता बावीस वर्षांचा गॉर्डी. पुढची दहा वर्षे तो वर्षातून अनेकदा जपानला जात राहिला. तिथल्या कुस्तीचाही निकाल आधी ठरलेलाच असे, पण मार बराचसा खराखुरा. प्रेक्षक शांत बसून बघत, आणि कुस्ती वीसपंचवीस मिनिटे चालली तरी पैलवानाची दमछाक दिसलेली त्यांना चालत नसे. सहा फुटांवर उंची आणि सव्वाशे किलोंच्या पुढे वजन असलेला हा माणूस तिथे टिकला, कारण त्याचे पाय हलके होते आणि समोरच्याच्या फटक्याला दाद कधी द्यायची, हे त्याला अचूक कळायचे. पॉवरबॉम्ब हा डाव लोकप्रिय करणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते ते याच काळामुळे.

ऑल जपानने १९८९ मध्ये आपले तीन पट्टे एकत्र करून ‘ट्रिपल क्राउन’ हे सर्वोच्च अजिंक्यपद केले होते. जून १९९० मध्ये गॉर्डीने जम्बो त्सुरुताला हरवून ते जिंकले. ते मिळवणारा तो पहिला बिगरजपानी पैलवान. तीनच दिवसांत त्याने ते हॅन्सनकडे गमावले, जुलैत परत मिळवले, आणि दहा दिवसांत सोडूनही द्यावे लागले. कारण प्रकृती. तो कोसळला होता, आणि त्यामागे गोळ्या होत्या. गोष्टीचे वळण खरे तर इथेच आहे. तेव्हा ते कुणी फारसे मनावर घेतले नाही.

घेतले नाही, कारण काम थांबले नाही. स्टीव्ह ‘डॉक्टर डेथ’ विल्यम्सबरोबर त्याची जोडी जमली आणि दोघांनी ऑल जपानचे जोडीचे अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. १९९२ च्या उन्हाळ्यात याच जोडीने अमेरिकेत येऊन डब्ल्यूसीडब्ल्यूचे जोडीचे पट्टे स्टायनर बंधूंकडून हिसकावले. डब्ल्यूसीडब्ल्यू म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफची मोठी प्रतिस्पर्धी कंपनी, तेव्हा हा मानही लहान नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. ऑगस्ट १९९३ मध्ये जपानला जाणाऱ्या विमानात गॉर्डीने वेदनाशामक गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या. तो काही दिवस कोमात होता. वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली.

‘निकाल ठरलेलाच असतो, मग मेंदूला इजा झाली तर काय बिघडले?’ असे अनेकांना वाटते. नेमके उलटे आहे. खऱ्या कुस्तीत समोरचा तुम्हाला पाडायला आलेला असतो, आणि तुम्ही तुमच्यापुरते बघता. या कुस्तीत दोघांनी मिळून एक गोष्ट सांगायची असते. कोणत्या डावानंतर कोणता डाव, कुठे थांबायचे, पंचाने कानात पुटपुटलेली सूचना कधी अमलात आणायची, हे सारे ऐन धावपळीत लक्षात ठेवावे लागते. स्मरण आणि वेळेचे भान गेले की ताकद शाबूत असूनही काम बसत नाही. वर समोरच्याची मान तुमच्या हातात असते, म्हणजे धोका दोघांनाही. गॉर्डी १९९४ मध्ये रिंगमध्ये परतला तेव्हा अंग तेच होते, पण त्यातला जुना गॉर्डी राहिला नव्हता.

तरी तो खेळत राहिला. तेराचौदाव्या वर्षापासून ज्याने दुसरे काही केलेच नाही, त्याने काय करावे? ऑगस्ट १९९५ मध्ये जपानातल्या कावासाकी स्टेडियममध्ये काटेरी तारा आणि टाचण्या वापरून खेळायच्या रक्तबंबाळ कुस्त्यांची एक स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीत गॉर्डीला हरवणाऱ्या पैलवानाचे नाव होते कॅक्टस जॅक, म्हणजेच मिक फोली. पुढच्याच वर्षी हा फोली डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ‘मॅनकाइंड’ झाला आणि अंडरटेकरच्या मागे लागला. आता तुमच्या चित्रफितीतल्या कड्या जुळायला लागतील.

२० ऑक्टोबर १९९६, इंडियानापोलिस. अंडरटेकर आणि मॅनकाइंड यांची ‘जिवंत पुरण्याची’ कुस्ती. शेजारी मातीचा ढिगारा रचून त्यात खड्डा केलेला. अंडरटेकर जिंकतो, मॅनकाइंड खड्ड्यात. तेवढ्यात काळा मुखवटा घातलेला एक अवाढव्य माणूस मागून येतो आणि फावड्याचा घाव अंडरटेकरच्या डोक्यात घालतो. मग आणखी काही खलनायक येऊन अंडरटेकरलाच खड्ड्यात ढकलतात आणि माती लोटतात. शेवटी वीज कडाडते आणि मातीतून हात वर येतो. आपल्याकडच्या शाळांमधून अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा जिवंत झाला, अशी जी अफवा फिरत असे, तिला खतपाणी मिळाले ते असल्याच रात्रींतून. तो एकदाही मेला नाही. मार्क कॅलवे हा ही भूमिका करणारा टेक्ससचा माणूस निवृत्त होऊन आज सुखात आहे.

फावडेवाला होता गॉर्डी. मायकेल हेस तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ‘डॉक हेन्ड्रिक्स’ या नावाने टीव्हीवर निवेदन करत होता, आणि जुन्या मित्राला काम मिळावे म्हणून त्यानेच शब्द टाकला, असे कुस्तीच्या वर्तुळात सांगितले जाते. कंपनीलाही तेव्हा माणसांची चणचण होती. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश डब्ल्यूसीडब्ल्यूत निघून गेले होते, प्रेक्षक त्यांच्यामागे चालले होते, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफने दोन भलत्याच माणसांना रेझर रॅमन आणि डिझेल म्हणून उभे करण्यापर्यंत मजल मारली होती. अशा वेळी अंडरटेकरसमोर शोभेल असा आडमाप गडी मिळाला तर कोण नाही म्हणेल?

मुखवटा कशासाठी? जल्लादाच्या भूमिकेला तो हवाच होता, हे झाले उघड कारण. पण माझ्या मते त्याने गॉर्डीची लाजही राखली. उघड्या चेहऱ्याने ‘टेरी गॉर्डी’ म्हणून तो उतरला असता, तर डॅलस आणि जपान आठवणाऱ्या प्रत्येकाने १९९० च्या गॉर्डीशी त्याची तुलना केली असती. मुखवट्याआडच्या जल्लादाची तुलना करायला मागचे काही नव्हतेच. नाव गेले, पण त्याबरोबर ओझेही गेले.

कारभार दोन महिन्यांतच आटोपला. नोव्हेंबरमध्ये सर्व्हायव्हर सिरीजला त्याने अंडरटेकरवर हल्ला करून मॅनकाइंडचा मॅनेजर पॉल बेअरर याला निसटायला मदत केली. मग १५ डिसेंबरला फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच इथे अंडरटेकरबरोबर त्याची मोठी लढत झाली. नियम असा, की आधी चितपट करायचे, मग दहा अंक मोजायचे. तोवर गडी उठला तर कुस्ती पुढे चालू. तुम्ही पाहिलीत ती बहुधा हीच. ती पुन्हा बघाल तेव्हा एक लक्षात येईल. मध्येच मॅनकाइंड येतो, सुरक्षारक्षक त्याला वेड्याला बांधायच्या कोटात अडकवतात, आणि कुस्ती रिंग सोडून भलतीकडेच जाते. ही सगळी पळापळ उगाच नव्हती. प्रेक्षकांचे लक्ष जितके इकडेतिकडे, तितके गॉर्डीला सलग काम कमी. हा माझा अंदाज आहे, पण कुस्ती बघून तुम्हालाही पटेल. अंडरटेकरने टूम्बस्टोन हा आपला डाव मारून ती संपवली, आणि एक्झिक्युशनर हे पात्रही तिथेच जवळजवळ संपले. जानेवारी १९९७ च्या रॉयल रम्बलमध्ये तीस पैलवान उतरले, त्यात तो नव्हता.

त्या रम्बलमध्ये आणखी दोन जुने धुरंधर मात्र उतरले होते : आपला निरोपवाला टेरी फंक आणि मेक्सिकोचा मिल मास्करास. मास्करासने कुणाला रिंगबाहेर फेकल्यावर स्वतःच वरच्या दोरीवरून त्याच्या अंगावर उडी मारली, आणि वरच्या दोरीवरून बाहेर गेलेला बाद, या नियमाप्रमाणे स्वतःही बाद झाला. मोठ्या कंपनीतले जुन्या पैलवानांचे मुक्काम असेच असतात. काही एका रात्रीचे, काही दोन महिन्यांचे, आणि पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमात त्यांचा उल्लेखही नसतो.

गॉर्डी गेला कुठे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो पुन्हा लहानसहान कुस्त्यांकडे वळला आणि १६ जुलै २००१ रोजी रक्ताच्या गुठळीमुळे हृदयविकाराचा झटका येऊन टेनेसीतल्या घरी वारला. वय अवघे चाळीस. २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेच, फ्रीबर्ड्‌सना हॉल ऑफ फेममध्ये घेतले, त्यात त्याचेही नाव आहे. समारंभ डॅलसमध्येच झाला.

तेव्हा मेहुण्यांना घेऊन बसा आणि आधी जून १९९० ची त्सुरुताबरोबरची कुस्ती लावा, मग डिसेंबर १९९६ ची. उलट क्रमाने लावू नका, नाहीतर ते आपलेच म्हणणे खरे करून दाखवतील.